जुनी डिझेल गाडी अडली? आधी टाकी बघा, मग पंप खोला



या पानावर आपण नेहमी बेणे, खते आणि खोडव्याचे बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा, पण आपल्या खिशाशी थेट संबंध असलेला. आपल्या भागात पुष्कळ वस्त्यांवर अजून जुनी डिझेल जीप आहे, एखाद्या वाड्यापुढे अ‍ॅम्बॅसडरही दिसते. बेणे, खताची पोती, तोडकऱ्यांचा शिधा, अडीनडीला दवाखान्याची फेरी, सगळे तीच करते. ऐन हंगामात ती अडली की आपण गॅरेजात सांगून मोकळे होतो, "पंप गेला असंल, उतरवा." पंप उतरतो, नोझल बदलतात, उसाच्या बिलातले काही हजार रुपये जातात. आणि दुखणे मात्र बऱ्याचदा तांब्याच्या एखाद्या वायसरात किंवा चोंदलेल्या फिल्टरमध्ये असते.

म्हणून सांगणे एकच. डिझेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने टाकीपासून तपासत निघावे. पंपाला हात शेवटी लावावा.

विहीर ते ठिबक, तीच वाट

ही वाट शेतकऱ्याला नवी नाही. टाकी म्हणजे विहीर. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून गाळून मोठ्या पंपाकडे जाते. मोठा पंप ते प्रचंड दाबाने नोझलकडे ढकलतो आणि नोझल त्याचा धुक्यासारखा फवारा सिलिंडरमध्ये मारते. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर फिरते पण पाणी येत नाही. फिल्टर चोंदला की ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. गाडीतही नेमके हेच होते.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वीपणे चालले, पण ते अवजड होते आणि त्यात इंधन दाबाच्या हवेने फुंकावे लागे. बॉश कंपनीने १९२७ पासून इंधन-पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले आणि डिझेल इंजिन रस्त्यावरच्या वाहनांत रुळले. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेल्या मायको कंपनीचे पंप आणि नोझल घरोघरच्या इंजिनांवर आले. या पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांत केसाच्या जाडीच्या कितीतरी पट कमी फट असते. म्हणूनच धूळ आणि पाणी हे त्याचे वैरी. तो उघड्यावर, गोणपाटावर खोलण्याची वस्तू नव्हे.

धूर काय सांगतो?

स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे एक माणूस उभा करा.

धूर अजिबात नाही : डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. वाट तपासा.

पांढरा, डिझेलचा वास येणारा धूर : डिझेल पोचते, पण पेटत नाही. हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग बघावे लागेल.

गाडी चालताना काळा धूर आणि ताकद कमी : डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर क्लीनर साफ करा, मग नोझलकडे वळा.

स्टार्टर एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. बॅटरी उतरली की तपासणीही थांबते.

आता क्रमाने चला

१) बिनखर्चाचे आधी. टाकीत डिझेल आहे ना, ते काटा बघून नव्हे, काडी घालून बघा. इंजिन बंद करायची केबल पूर्ण मागे आली आहे का? काही पंपांवर विजेचा सोलेनॉइड असतो. किल्ली फिरवल्यावर तिथे 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी वायर बघा.

२) टाकीचे झाकण. झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक वाट असते. ती मातीने बुजली की टाकीत पोकळी होते आणि डिझेल ओढले जात नाही. आपल्या भागातल्या एका सभासदांची जीप आठ-दहा किलोमीटर गेली की बंद पडे आणि थोडा वेळ थांबली की पुन्हा चाले. नोझल दोनदा बदलून झाले होते. शेवटी गाडी बंद पडताच झाकण उघडले, 'सूंऽ' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली. एका तारेच्या टोकाने काम झाले.

३) गाळ आणि पाणी. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि स्थिर ठेवा. पाणी जड, ते तळाला बसते. पाणी किंवा काळा गाळ दिसला तर टाकी धुवावी आणि फिल्टर बदलावेत. सपाटीला बरी पण चढाला किंवा भाराला दमणारी गाडी बहुधा चोंदलेल्या फिल्टरची किंवा टाकीतल्या जाळीची असते. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालू नये.

४) हवा. हे सर्वांत फसवे दुखणे. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही, उलट हवा आत जाते. रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही. फूटव्हॉल्व्ह गळका असला की सकाळी पंपात पाणी भरावे लागते, तसेच. फिल्टरच्या अलीकडे वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा. बुडबुडे सतत दिसले तर ओढीच्या बाजूचे रबरी पाइप, क्लिपा आणि तांब्याचे वायसर नवे घाला. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. तसेच पुढे पंपावर करा.

५) डब्याची परीक्षा. स्वच्छ डिझेलचा लहान डबा पंपापेक्षा उंच, पण गरम भागापासून लांब बांधा आणि त्याचा पाइप फीड पंपाच्या तोंडाला जोडा. गाडी नीट चालली तर दोष टाकीकडे. पंप निर्दोष सुटला.

इतके करूनही सुधारणा नसेल, तर मात्र पंपाचा संशय घ्यावा. थंडीत सुरू होणारी गाडी गरम झाल्यावर सुरूच होत नसेल, तर गोल पंपाचे आतले भाग झिजल्याची ती खूण असू शकते. पंप टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच न्यावा. नोझलचा फवारा आपल्यासमोर दाखवायला सांगावा. गाळणारे नोझल डोळ्यांना दिसते.

जिवाशी खेळू नका

नोझलच्या पाइपमधून गळती आहे का, हे बोटाने कधीही बघू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत मांस सडते आणि हात गमवायची वेळ येते. असे झाले तर दुखो वा न दुखो, तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना "दाबाचे डिझेल घुसले आहे" असे स्पष्ट सांगा. तपासताना विडी-सिगारेट दूर ठेवा. आणि हे सर्व जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरतेच. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब कितीतरी पट जास्त असतो, त्यांचे पाइप घरी सैल करू नयेत.

दुखणे येऊच नये म्हणून

टाकी संध्याकाळी भरून ठेवावी. अर्ध्या टाकीत थंडीच्या रात्री दव धरते आणि त्याचे पाणी होते. बॅरलमधले डिझेल हलवल्या हलवल्या काढू नये, निवळू द्यावे आणि तळाचे कधीच वापरू नये. जस्ताचा मुलामा असलेल्या भांड्यात डिझेल साठवू नये. रॉकेल मिसळण्याची जुनी खोड सोडावी. पंपाला वंगण डिझेलचेच मिळते, रॉकेलाने ते पातळ होते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक अगदी कमी असते आणि वंगणासाठी त्यात वेगळे द्रव्य घातलेले असते. त्यात भेसळ म्हणजे पंपाच्या मुळावर घाव.

ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी मूळ बघतो, निचरा बघतो, हुमणी आहे का बघतो. गाडीलाही तोच न्याय लावावा. हे पान कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, आणि गॅरेजात पाना लागण्याआधी मेकॅनिकला विचारा, "टाकीपासून बघितलं का?"

— ऊसविकास अधिकारी