बोर्डावरची अदा आणि मागची झील

लावणी हा शब्द आपल्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. संगीतबारी हा शब्द मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. तमाशा काय आणि संगीतबारी काय, सगळं एकच, अशी आपली सर्वसाधारण समजूत. आज या दोहोंतला फरक आपण समजून घेऊ, आणि त्या निमित्ताने एका प्रश्नाकडेही वळू. चारपाच जणी एका रांगेत उभ्या आहेत, लुगडी सारखी, गाणं एकच, ताल एकच. तरी आपली नजर त्यांतल्या एकीवरच का खिळते? आणि जिच्यावर ती खिळत नाही, तिचं त्या गाण्यात काम तरी काय असतं?

आधी फरक पाहू. ढोलकीफडाचा तमाशा म्हणजे मोठा संसार. त्यात गण, गौळण, बतावणी, मग वग. सोंगाड्या, ढोलक्या, सुरत्या, राजा, प्रधान अशी पुष्कळ माणसं. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आपल्या परभणीकडची मंडळी जातात, तेव्हा तंबूत पाहतात तो बहुधा हाच. संगीतबारीत वग नाही, राजा नाही, सोंगाड्याही नाही. तिथे असतात गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाया आणि त्यांना साथ करणारे पेटी, तबला, ढोलकी वाजवणारे. पार्टीची मालकीणही बहुधा त्यांतलीच एक गायिका. एका थिएटरात अशा अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि एकीमागून एक आपापली पाळी घेतात. ही पाळी म्हणजेच बारी. पुण्याचं आर्यभूषण, मुंबईत लालबागचं पूर्वीचं हनुमान थिएटर ही या कलेची नावाजलेली ठिकाणं. चौफुला, मोडनिंब, जामखेड इथली कलाकेंद्रंही अशीच प्रसिद्ध.

आता एक गंमत पाहा. या पार्ट्यांची नावं पुष्कळदा दोघींची किंवा तिघींची मिळून असतात, आणि त्या सख्ख्या नाहीतर चुलत-मावस बहिणी असतात. वाईच्या यमुनाबाई वाईकर आपल्याला माहीत आहेत, पण त्यांची पार्टी ‘यमुना-हिरा-तारा’ अशा तीन नावांनी ओळखली जाई. अलीकडच्या काळात छाया-माया खुटेगावकर ही बहिणींची जोडी गाजली. म्हणजे ही कला मुळातच एकटीची नाही, बहिणीबहिणींची आहे. एकीचा दम सरला की दुसरीने ओळ उचलायची आणि तिसरीने ताल सांभाळायचा.

स्त्री तमाशाच्या बोर्डावर आली, त्याला फार काळ लोटलेला नाही. पूर्वी लुगडं नेसून नाचायचा तो नाच्या पोऱ्या. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाई (१८७०–१९३९) या तमाशाच्या बोर्डावर नावाजलेल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. शाहीर पठ्ठे बापूराव आणि पवळा या जोडीने त्या काळी महाराष्ट्र हलवून सोडला. बापूराव ब्राह्मण, पवळा महार समाजातली. त्यामुळे वादही उठले. पण पवळाने एक गोष्ट सिद्ध केली. बाई बोर्डावर उभी राहिली की खेळाचा तोलच बदलतो. लोक शब्द ऐकायला येतात आणि तिला पाहत बसतात.

हे पाहत बसणं घडतं कशाने? रूपाने, असं आपण चटकन म्हणतो. पण जाणकार माणूस तसं म्हणणार नाही. तो म्हणेल, अदेने. अदा म्हणजे नुसता नखरा नव्हे. बैठकीची लावणी घ्या. गायिका खाली बसून गाते. पाय झाकलेले, कंबर स्थिर. हाताशी उरतं काय? डोळे, भिवया, मनगट आणि पदर. एवढ्या भांडवलावर तिला तासभर बैठक धरून ठेवायची असते. ती लावणीची पहिलीच ओळ घेते आणि पुन्हापुन्हा म्हणते. शब्द तेच, पण एकदा त्यात रुसवा, एकदा विनवणी, एकदा थट्टा, एकदा खराखुरा विरह. ऐकणाऱ्याला वाटतं, ही दर वेळी नवीनच काही सांगते आहे. गायिका जेवढे अर्थ काढील तेवढी ती मोठी. यमुनाबाईंची कीर्ती या अदाकारीसाठी होती. त्यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री, आणि २०१८ साली वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या.

अदेची दुसरी खूण म्हणजे थांबणं. नवखी मुलगी बोर्डावर आली की सारखी हलत राहते, कारण तिला रिकाम्या क्षणाची भीती वाटते. मुरलेली कलावती नेमकी तिथेच थांबते. ढोलकी जोरात येते, सम जवळ आलेली असते आणि ही नुसती मान वळवून एका जागी पाहत राहते. शेकडो माणसांचा श्वास त्या समेवर अडकतो. मग समेला ती पाऊल टाकते आणि सगळा तंबू सुटल्यासारखा ओरडतो. याला हुकमत म्हणतात.

तिसरी खूण म्हणजे समोरच्या माणसाला ओळखणं. बारीत प्रेक्षक मुका नसतो. तो फर्माईश करतो, दौलतजादा करतो, कधी वावगंही बोलतो. त्याला हसत उत्तर द्यायचं, पण पायरी सोडू द्यायची नाही. हे काम सर्कशीतल्या तारेवर चालण्याइतकं अवघड. ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. आई, मावशी, थोरली बहीण यांच्या मागे उभं राहूनच शिकावं लागतं.

आणि इथेच आपण मागच्या ओळीकडे येतो. आपल्या लोककलांत झील नावाची चीज आहे. पुढच्याने ओळ म्हणायची, मागच्यांनी धृपद उंच सुरात उचलून धरायचं. गोंधळात ती आहे, पोवाड्यात आहे, तमाशात आहे. झील नसेल तर पुढच्याचा सूर उघडा पडतो, त्याला दम घ्यायला जागा मिळत नाही. थांबण्याची जी हुकमत आपण आत्ता वाखाणली, ती कशाच्या बळावर? मागच्या जणींनी गाणं पडू दिलं नाही म्हणून पुढची थांबू शकली. नजर एकीवर खिळते हे खरं, पण ती खिळवून ठेवण्याचं अर्धं काम ज्यांच्याकडे आपण पाहत नाही त्याच करीत असतात.

कुणी विचारील, रेडिओवर ही अदा कशी दिसायची? त्याचं उत्तर सुलोचना चव्हाण यांनी देऊन ठेवलं आहे. त्या पार्टीतल्या नव्हेत. मुंबईत वाढलेल्या पार्श्वगायिका. १९६० नंतरच्या मराठी चित्रपटांतल्या लावण्यांनी त्यांचं नाव घरोघर नेलं. मंचावर त्या पदर अंगभर लपेटून गात. हातवारे नाहीत, नाच तर नाहीच. सगळी अदा गळ्यात. शब्दाला दिलेला हेलकावा, मध्येच तोडलेला स्वर, हुंकार. आचार्य अत्रे यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. म्हणजे बोर्डावरचं अस्तित्व डोळ्यांपुरतं नसतं, ते स्वरातही असतं. पण एक फरक ध्यानात ठेवावा. ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचं नाव छापतात, चित्रपटाच्या पाटीवर नायिकेचं. बारीत हिच्या मागे झील धरणाऱ्या जणींची नावं कुठे छापायची?

हे दुःख आपल्याच मुलखातलं आहे असं समजू नका. साता समुद्रापलीकडे, अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारींच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथे १९५९ साली बेरी गॉर्डी या काळ्या तरुणाने मोटाउन ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली. काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भजनांचा आर्त सूर आणि व्यवहारातल्या प्रेमगीतांचा ठेका यांच्या मिलाफातून जे संगीत निघालं, त्याला सोल, म्हणजे आत्म्याचं संगीत म्हणतात. त्यात तीनचार मुलींचे मेळे फार गाजले. एक पुढे, बाकीच्या मागे झील धरणार, अगदी आपल्यासारखं. मुलींना बोर्डावर कसं चालावं, कसं बसावं, हे शिकवायला कंपनीने मॅक्सिन पॉवेल या बाई नेमल्या होत्या. हातापायांच्या हालचाली चॉली अ‍ॅटकिन्स बसवीत. म्हणजे आपल्याकडे मावशी जे शिकवते, त्याचा तिथे रीतसर वर्गच भरला.

त्यांतल्या सुप्रीम्स या मेळ्याची बारा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. पण १९६७ साली मेळ्याच्या नावाआधी एकट्या डायना रॉसचं नाव लागलं, आणि सुरुवातीपासून त्यात असलेली फ्लॉरेन्स बॅलर्ड त्याच वर्षी बाहेर पडली. १९७६ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, ती वारली. त्याहून अंधारात राहिल्या अँडांटीज नावाच्या तिघी. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत मागचे सूर त्यांचे आहेत. मुद्रिकेवर नाव मात्र दुसऱ्यांचं.

आणि आता शिक्षकबंधूंनी व भगिनींनी मुद्दाम ऐकावी अशी हकिकत. मार्व्हेलेट्स हा मेळा डेट्रॉइटजवळच्या इंकस्टर गावातल्या शाळकरी मुलींचा. शाळेत गाण्याची स्पर्धा झाली. पहिल्या तिघांना कंपनीपुढे गाण्याची संधी मिळणार होती, आणि या मुलींचा नंबर आला चौथा! त्यांच्या शिक्षिकेने मुख्याध्यापकांकडे रदबदली केली, म्हणून त्यांना जाता आलं. १९६१ साली त्यांचं पोस्टमनला आळवणारं गाणं देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. मोटाउनचं ते असं पहिलंच गाणं. ते गाणं मिळवून त्याला आकार देणारी जॉर्जिया डॉबिन्स मात्र त्यात गायली नाही, कारण वडिलांनी करारावर सही द्यायचं नाकारलं. आणि त्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर मुलींचं चित्र नव्हतंच. होती एक टपालपेटी.

आपल्याकडे गोष्ट आणखी कठीण. संगीतबारीतल्या पुष्कळ बाया कोल्हाटी समाजाच्या. त्यांच्या कमाईवर घरं चालली, भावांची लग्नं झाली. पण त्यांच्या मुलांना शाळेत बापाचं नाव विचारलं गेलं आणि ती गप्प राहिली. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं, ते अशाच एका आईचा मुलगा म्हणून. त्यांनी आपल्या नावात आईचं नाव लावलं. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक केलं. त्या आधी ३० वर्षं एका माणसाने ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापलं होतं. लावणीला टाळ्या द्यायच्या आणि लावणी गाणारीच्या पोराला हिणवायचं, हा आपला दुटप्पीपणा आपण कधी सोडणार?

थोडं काम झालंही आहे. तमाशा क्षेत्रातल्या ज्येष्ठांना राज्य शासन विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. भूषण कोरगावकर यांनी २०१४ साली ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहून या बायांचं जगणं आपल्यापुढे ठेवलं. त्यातूनच उभ्या राहिलेल्या रंगमंचीय प्रयोगात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावती स्वतःच आपली कला उलगडून दाखवू लागल्या. पण पुरस्कार एकीला मिळतो, पार्टी पाचजणींची असते.

तेव्हा शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत बसवाल, तेव्हा गोड गळ्याची पोर पुढे उभी करालच. ते योग्यच आहे. पण झील धरणाऱ्या मुलींना तुम्ही ‘उरलेल्या’ समजू नका. एक कडवं त्यांच्यापैकी एकीला द्या. थांबायचं कसं, समोर पाहायचं कसं, हे त्यांनाही शिकवा. कार्यक्रमाच्या कागदावर सगळ्यांची नावं लिहा आणि ती माइकवरून वाचून दाखवा. चौथ्या नंबरच्या मुलींसाठी कधीतरी मुख्याध्यापकांशी दोन शब्द बोला.

आणि गावकरी मंडळी, यात्रेत कधी बारी किंवा फड पाहायला बसाल, तेव्हा खेळ संपल्यावर एवढंच करा: मागच्या रांगेतल्या बाईला तिचं नाव विचारा. आदराने विचारा. ती सांगेल.