खडी केंद्राची धूळ, विहिरीचे पाणी आणि आपली हरकत

हिंगोली जिल्ह्यात कोळशाच्या किंवा लोखंडाच्या खाणी नाहीत. इथली खाण म्हणजे काळा दगड, मुरूम आणि कयाधू-पैनगंगेची वाळू. त्यामुळे "ही काय खाण झाली का?" असे म्हणून विषय हसण्यावारी नेला जातो. पण दोन-तीन एकरवाल्याच्या बांधाला खडी केंद्र लागले, की पिकाआधी घरातली माणसे आजारी पडू लागतात. पिकाची भरपाई मागणाऱ्या अर्जात या आजाराचा शब्दही नसतो.

आधी पाणी. आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट. त्यातून पाणी झिरपत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत, आणि आपली विहीर त्यावरच चालते. मुरूम उचलून नेला म्हणजे पाण्याची टाकीच उचलून नेली. शेजारच्या खोल खाणीत पाणी उतरते, तिथून ते पंपाने उपसले जाते आणि आपली विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते. मग बायाबापड्या लांबून हंडे आणतात, चार-चार दिवस साठवतात. हगवण, कावीळ तिथूनच घरात शिरते. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचून डास होतात, पोरे पोहायला जातात, ते वेगळेच.

मग धूळ. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ बरीचशी नाकात अडकते. खरी घातक ती न दिसणारी, फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी. दगडातल्या सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही, आणि तो झालेल्या माणसाला क्षयाचा धोकाही वाढतो. आपल्या काळ्या दगडात मोकळी सिलिका कमी असते म्हणून काही जण निर्धास्त राहतात. ते बरोबर नाही. धुळीने दमा बळावतो, खोकला जुनाट होतो. खडी केंद्रावर राबणाऱ्याने डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे, "मी इतकी वर्षे दगडावर काम करतो." सिलिकोसिस आणि क्षय यांची छातीच्या फोटोत गल्लत होऊ शकते. क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आपल्यातल्या कित्येक घरांचे पोट गायरानावर आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. तरीही आज "सातबारा नावावर नाही, तर हरकत कशी घेता?" असे ऐकवले जाते. श्वास घ्यायला सातबारा लागत नाही. खाणीची झळ लागणारा कोणीही लेखी हरकत देऊ शकतो. लहान खाणीलाही पर्यावरण मंजुरी हवी, पाच हेक्टरच्या आतली असली तरी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये सांगितले आहे. ती मंजुरी दाखवा, हा पहिला प्रश्न.

नुसत्या तोंडी विरोधाचे काय होते, ते सिंधुदुर्गातल्या कळणे गावाने पाहिले. तिथल्या लोहखाणीसाठी सप्टेंबर 2008 मध्ये जनसुनावणी ठेवली होती. लोकांनी पर्यावरण अहवाल मराठीत मागितला; तो नव्हताच, म्हणून सुनावणी पुढे ढकलावी लागली. ऑक्टोबरच्या सुनावणीत लोकांनी विरोध केला, तरी मार्च 2009 मध्ये मंजुरी मिळाली. जुलै 2021 मध्ये खाणीचा बांध फुटला आणि चिखल-पाणी घरांत, बागायतीत शिरले. लोक बोलले नव्हते असे नाही. पण बोललेले विरते. अहवालाचा मराठी सारांश मागणे हा 2006 च्या अधिसूचनेने दिलेला हक्क आहे. तो लेखी मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घरात ठेवा.

आणि एक वही विहारात ठेवा. पौर्णिमेला आपण जमतोच. त्या दिवशी विहिरीत दोर सोडून पाणी किती हातांवर आहे ते तारखेसह लिहा. वस्तीत कोणाला खोकला आहे, कधीपासून, तेही लिहा. सरकारी दवाखान्याचा केसपेपर फेकू नका. हे काम दहावी शिकलेली मुलगी सहज करील. मात्र वहीतली पहिली नोंद खाण सुरू होण्याआधीची हवी. नंतर लिहिलेल्याला "यंदा पाऊसच कमी झाला" एवढे उत्तर पुरते.