शाईनें वाघ काढतांना

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येस, किनवटच्या बाजूस, सागाचें रान आहे. पैनगंगेच्या आसऱ्यानें तें यवतमाळच्या वनांशीं जाऊन मिळतें. शेजारच्या लातूर जिल्ह्यांत मात्र वनाचें क्षेत्र अत्यल्प. तेथें काळ्या मातीचीं शेतेंच दूरवर पसरलेलीं दिसतात. या दोन जिल्ह्यांतील दोन विद्यार्थ्यांनीं टाक व शाई घेऊन वाघ काढावयाचें मनांत आणलें, तर दोघांपुढें अडचण एकच उभी राहते. रानालगत राहणाऱ्यासहि वाघ समोर बसून दर्शन देत नाहीं. लातूरकरास तर त्याच्या पावलाचा ठसाहि दिसणें कठीण. न पाहिलेल्या प्राण्याचें खरें चित्र काढावें कसें?

हा प्रश्न जुना आहे. गुजरातच्या सुलतानानें दिलेला एक गेंडा पोर्तुगीजांनीं गोव्याहून जहाजानें धाडला. तो १५१५ सालच्या मे महिन्यांत लिस्बनला पोंचला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानें तो कधींच पाहिला नाहीं. दुसऱ्याचें रेखाटन व वर्णन यांवरून त्यानें लेखणीनें गेंडा काढला, आणि पुढें लाकडी ठशावरून तो छापला गेला. रेषा इतकी समर्थ, कीं यूरोपनें दोन शतकांहून अधिक काळ तोच गेंडा खरा मानला. परंतु त्याच्या मानेमागें एक जादा शिंग आहे, आणि कातडें चिलखताच्या पत्र्यांसारखें आहे. हात कसलेला असला म्हणजे चूकहि खरी वाटूं लागते, हा त्यांतील धडा होय.

म्हणून आरंभ घरच्या मांजरापासून करावा. तें वाघाच्याच कुळांतलें. चालतांना त्याच्या खांद्याचीं हाडें आळीपाळीनें पाठीच्या वर उचललीं जातात, आणि नख्या आंत राहतात. वाघाचीहि हीच तऱ्हा. भेदहि टिपून ठेवावे. उजेडांत मांजराच्या डोळ्याची बाहुली उभ्या फटीसारखी होते, वाघाची वाटोळीच राहते. वाघाच्या कानांमागें पांढरा ठिपका असतो. मग निरनिराळ्या बाजूंनीं घेतलेलीं छायाचित्रें ताडून पाहावीं.

पुढें पेन्सिलीनें छाती, पुठ्ठा व मस्तक यांचे तीन गोल मांडून ते कण्याच्या रेषेनें जोडावे. पायांचे सांधे बरोबर बसेपर्यंत शाईस हात लावूं नये. पेन्सिलीची रेषा खोडतां येते, शाईची येत नाहीं. पाऊल साधलें नाहीं म्हणून त्यापुढें गवत उभें करण्याचा मोहहि टाळावा.

शाईंत उजेड कागदाचा असतो. गाल, पोट व डोळ्यांवरील पांढरे भाग कोरेच सोडावे. केस ज्या दिशेनें वळतात, त्याच दिशेनें बारीक रेषा ओढाव्या. सावली हवी तेथें पहिला थर वाळल्यावर दुसरा चढवावा. गडद काळें शेवटीं. पट्टे शरीराच्या गोलाईबरोबर वळले पाहिजेत. सरळ ओढले, तर वाघ भिंतीवर डकवलेल्या कापडासारखा चपटा दिसतो.

पट्ट्यांत आणखी एक मर्म आहे. कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या अंगांवरचेहि जुळत नाहींत. रानांत लावलेल्या कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांतून याच पट्ट्यांवरून वाघ ओळखून मोजले जातात. २०१९ सालीं यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यांतून निघालेला एक तरुण वाघ शेंकडों कोस चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. वाटेंत मराठवाड्याचा मुलूखहि त्यानें तुडविला. तो कोणी एक वाघ नव्हता. तो तोच वाघ होता. मनास येतील तसे पट्टे ओढणारा चित्रकार रुबाबदार जनावर काढील, पण तें रानांत कोठेंहि सांपडावयाचें नाहीं. टाक दौतींत बुडविण्यापूर्वीं एकेक पट्टा मोजून घेणें, हें या कामांतील निम्में काम होय.