ग्रहण सुटेपर्यंत पक्षी काय करतात?

सूर्यग्रहण जवळ आलं की पक्षी बावचळतात, चिडीचूप होतात, अशा गोष्टी फिरू लागतात. त्यांतल्या बहुतेक खग्रास ग्रहणातल्या असतात. महाराष्ट्राच्या वाट्याला मात्र सहसा खंडग्रासच येतं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ध्यानात घेतला नाही तर निरीक्षण चुकतं, फोटो फसतो आणि कधी डोळ्यांवरही बेततं.

गैरसमज : ग्रहण लागलं की पक्षी घरट्याकडे परततात.

वस्तुस्थिती : घरटं असतं अंडी-पिल्लांसाठी. विणीचा हंगाम संपला की बहुतेक पक्षी झाडांवर, वेळूच्या बेटांत, विजेच्या तारांवर रातथाऱ्याला जमतात. आता उजेडाचं पाहू. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. सूर्याचा 80 टक्के भाग झाकला तरी वीसेक हजार लक्स उरतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो काही शेच असतो. 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी मुंबई-पुण्यात पाऊण भागाहून जास्त बिंब झाकलं गेलं होतं, तरी दिवे लावायची वेळ आली नाही. खग्रासात उजेड शेवटच्या काही मिनिटांत हजारो पटींनी कोसळतो. खंडग्रासात तसं होत नाही.

गैरसमज : पक्ष्यांवर परिणाम होतो हे सिद्ध झालंय, म्हणजे आपल्याकडेही तो दिसणारच.

वस्तुस्थिती : 8 एप्रिल 2024 ला अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन परिसरात पक्ष्यांच्या आवाजांचा पद्धतशीर अभ्यास झाला. 52 जातींपैकी 29 जातींच्या आवाजात ग्रहणकाळात बदल आढळला. सूर्य पुन्हा उगवल्यासारखा दिसताच काही जाती पहाटेसारख्या गाऊ लागल्या. पण तिथे जवळपास चार मिनिटं पूर्ण अंधार होता, आणि तरीही 23 जातींनी दखल घेतल्याचं दिसलं नाही. खंडग्रासात अपेक्षा त्याहून कितीतरी कमीच ठेवायला हवी. सूर्य बराच झाकला तर जमीन थोडी निवते, वर चढणारी गरम हवा मंदावते. म्हणून घिरट्या घालणाऱ्या घारींवर नजर ठेवावी.

गैरसमज : ग्रहणाच्या दिवशी साळुंक्या लवकर परतल्या, म्हणजे तो ग्रहणाचाच परिणाम.

वस्तुस्थिती : 25 ऑक्टोबर 2022 चं ग्रहण ग्रस्तास्त होतं, म्हणजे सूर्य ग्रासलेलाच मावळला. मुंबईत मध्याच्या वेळी जेमतेम पाव बिंब झाकलं होतं. त्या वेळेला साळुंक्या, कावळे, बगळे रोजच परतत असतात. त्यात दिवाळी, फटाक्यांनी उठलेले थवे ग्रहणाच्या खात्यावर जमा व्हायला कितीसा वेळ लागतो? खरं उत्तर हवं तर ग्रहण नसलेला दिवसही पाहायला हवा. एकच झाड निवडावं. आधीचे दोन-तीन आणि नंतरचे दोन-तीन दिवस त्याच वेळी तिथे बसावं. दर दहा मिनिटांनी किती पक्षी आले, किती गेले, कोण बोललं, ढग आणि वारा कसा होता, हे टिपावं. ग्रहणाच्या दिवशी स्पर्शाआधी, म्हणजे ग्रहण लागण्याआधी, अर्धा तास सुरुवात करून मोक्षानंतर, म्हणजे ते सुटल्यावर, अर्ध्या तासाने वही मिटावी. काहीच बदल झाला नाही, तर तेही लिहावं. तीही नोंदच आहे.

गैरसमज : ग्रहणातले किरण विषारी असतात, त्यांनी पक्षी आंधळे होतात.

वस्तुस्थिती : किरण रोजचेच असतात. पक्षी सूर्याकडे टक लावून बसत नाहीत, तो उद्योग माणसाचा. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे डोळा भाजल्याचं तत्काळ समजत नाही. गॉगल, काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, परातीतलं पाणी यांपैकी काहीही सुरक्षित नाही. आयएसओ 12312-2 मानकाचा, ओरखडा नसलेला चष्मा वापरावा. नाहीतर झाडाखाली जमिनीकडे पाहावं. पानांच्या फटींतून पडणारा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झालेला दिसतो.

गैरसमज : ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीतून पाहिलं तर चालतं.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. दुर्बीण आणि टेलिफोटो लेन्स ऊन एकवटतात, ते चष्म्याची फिल्मही जाळू शकतं. सौर फिल्टर नेहमी लेन्सच्या पुढे, घट्ट बसलेला हवा. मिररलेस कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर डोळा वाचतो, पण फिल्टर नसेल तर सेन्सर आणि शटर धोक्यात येतात. पक्षी टिपणाऱ्याला आणखी एक सापळा आहे. उडत्या घारीमागे लेन्स फिरवता फिरवता सूर्य कधी चौकटीत येतो, कळत नाही. म्हणून सूर्याकडे पाठ करून उभं राहावं.

गैरसमज : ग्रहण वाढेल तसं एक्स्पोजर वाढवावं लागतं.

वस्तुस्थिती : फांदीवरच्या पक्ष्यासाठी हे खरं आहे. निम्मा सूर्य झाकला की एक स्टॉप, 80 टक्के झाकला की सव्वादोन स्टॉपच्या आसपास. सूर्याच्या फोटोसाठी मात्र नाही, कारण उरलेली कोर पूर्वीइतकीच प्रखर असते. कोरीसमोरून जाणारा पक्षी हवा असेल तर फिल्टरमधून त्याची काळी आकृतीच मिळणार, कारण फिल्टर प्रकाशाचा लाखावा हिस्सा आत सोडतो. घारीच्या पंखांचा पसारा सुमारे दीड मीटर. दीडशे मीटरवरची घार अख्खं बिंब व्यापते आणि अर्ध्या सेकंदाच्या आत पार होते. तिपाई, ठरवून ठेवलेला फोकस आणि सलग फोटो काढण्याची सोय नसेल, तर बाकी सगळी नशिबाची गोष्ट.

पुढची संधी 2 ऑगस्ट 2027 ला आहे. इजिप्तमधल्या लक्सरला ग्रहण खग्रास दिसेल, महाराष्ट्रात ते खंडग्रास असेल आणि तेही ऐन पावसाळ्यात. ढग आले तर फोटो हुकेल, पण नोंदवही चालू ठेवायला हरकत नाही. उजेड ढगाने कमी झाला की ग्रहणाने, हे तुमच्या आधीच्या दोन-तीन दिवसांच्या नोंदीच सांगतील.