पान उघडत नाही, तेव्हा दोष कोठे शोधावा?

सांप्रत आपल्या कुटुंबांची पुष्कळशी कामे कागदावर राहिलेली नाहीत. भारतातील निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात द्यावयाचा हयातीचा दाखला, ओसीआय कार्डाचा अर्ज, गावाकडील जमिनीचा सातबारा, बँकेचे खाते, ही सर्व कामे संकेतस्थळांवर जाऊन पोहोचली आहेत. ऐन मुदतीच्या दिवशी पान अर्धेच उघडावे, बटण दाबूनही काही हलू नये, की घरातील वडील मंडळींचा जीव कासावीस होतो. कोणी संगणकाला दोष देतो, कोणी नातवाला, तर कोणी आपल्याला हे जमणारच नाही असे म्हणून हात टेकतो. वाचकहो, हात टेकण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. दोष आपल्या घरात आहे, वाटेत आहे, की पलीकडच्या दारात?

हा प्रश्न नीट समजण्यास बहरीनचा इतिहास फार उपयोगी पडतो. ह्या छोट्याशा बेटांच्या देशात इंटरनेट १९९५ साली आले. त्यानंतरच्या काळात तिन्ही प्रकारचे अडथळे तेथील रहिवाशांनी, आणि त्यांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनीही, अनुभवले.

प्रथम वाटेचा विचार करू. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या दोन मोठ्या तारा तुटल्या. दोनच दिवसांनी, १ फेब्रुवारीस, मुंबईला आखाती देशांशी जोडणारी फाल्कन नावाची तार दुबईपासून सुमारे ५६ किलोमीटरवर तुटली. ह्या शेवटच्या तारेचा घात केला तो समुद्रात टाकून दिलेल्या, पाच ते सहा टन वजनाच्या एका नांगराने! बहरीन, कुवेत, सौदी अरेबिया, इजिप्त आणि खुद्द भारत, सर्वत्र संकेतस्थळे मंदावली. दुरुस्ती करणाऱ्या नौकांनी १० फेब्रुवारीच्या सुमारास तारा पुन्हा जोडल्या. तोवर मनामातील एखाद्या गृहस्थाने आपला संगणक दहा वेळा बंद करून चालू केला असता, तरी त्याचा काय उपयोग होता?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पडद्यावर दिसणारे पान एकसंध नसते. मजकूर एका ठिकाणाहून येतो, चित्रे दुसरीकडून, पानाची मांडणी सांगणारी फाईल तिसरीकडून, आणि बटणांना चालना देणाऱ्या आज्ञा आणखी कोठून तरी. मांडणीची फाईल आली नाही, तर पान उघडते, पण सारा मजकूर एकाखाली एक ओघळल्यासारखा दिसतो. आज्ञा आल्या नाहीत, तर बटणे दिसतात पण चालत नाहीत. म्हणून अर्धवट पान हे आपल्या अज्ञानाचे लक्षण नव्हे. त्याचा एखादा तुकडा वाटेत राहिला किंवा अडविला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

वाट तपासण्याची रीत सोपी आहे. घरातील वायफाय बंद करून तेच पान मोबाईलच्या डेटावर उघडून पाहावे. तेथे उघडले, तर दोष घरच्या जोडणीत आहे असे समजावे. मात्र दोन्ही सेवा एकाच कंपनीच्या असतील, तर पुढे दोहोंची वाट एकच असू शकते. सबब दुसऱ्या देशातील आप्ताला दूरध्वनी करून विचारणे अधिक खात्रीचे. दिमोना, मुंबई व मनामा येथून एकाच वेळी पान उघडेनासे झाले, तर बिघाड बहुधा पलीकडेच आहे.

आता पलीकडचे दार पाहू. ते दोन कारणांनी बंद असते. पहिले कारण बिघाड किंवा गर्दी. अशा वेळी पडद्यावर ५०० किंवा ५०३ असा आकडा येतो. त्यावर काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न करणे हाच उपाय. ४०४ आला, तर ते पान त्या पत्त्यावर नाही असे समजावे; पत्ता टंकण्यात चूक झाली आहे काय, ते पाहावे, आणि संस्थेच्या मुख्य पानावरून पुन्हा शोधावे.

दुसरे कारण म्हणजे हुकूम. ऑगस्ट २००६ मध्ये बहरीन सरकारने गूगल अर्थ ही सेवा काही दिवस बंद केली. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत कोणाचे राजवाडे व बागा किती विस्तीर्ण आहेत, हे सामान्य नागरिकांना घरबसल्या दिसू लागले होते. बंदी लवकरच उठली. पण त्या दिवसांत ज्यांच्या पडद्यावर ते नकाशे उमटले नाहीत, त्यांच्या यंत्रात काडीचाही दोष नव्हता. भारतातील काही सरकारी संकेतस्थळेही सुरक्षेच्या कारणास्तव परदेशातून उघडू देत नाहीत. ४०३ हा आकडा किंवा प्रवेश नाकारल्याची सूचना दिसली, तर ही शंका घ्यावी. अशा वेळी अनोळखी फुकट व्हीपीएन बसवून त्यातून बँकेचे वा निवृत्तिवेतनाचे काम करणे धोक्याचे आहे. भारतातील विश्वासू नातलगाकडून चौकशी करवावी, किंवा वकिलातीचा मार्ग धरावा.

उरला घरातला दोष. ३० सप्टेंबर २०२१ ही तारीख आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दिवशी गल्फ एअरचे पहिले प्रवासी विमान बहरीनहून निघून बेन गुरियन विमानतळावर उतरले. योगायोग असा, की त्याच दिवशी जगातील असंख्य संकेतस्थळांची ओळख पटविणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. नव्या यंत्रांत त्याच्या जागी नवे प्रमाणपत्र आधीच आलेले होते. ज्यांनी जुने आयफोन व जुने संगणक अद्ययावत केले नव्हते, त्यांना मात्र कालपर्यंत उघडणारी पाने एकाएकी ‘असुरक्षित’ दिसू लागली. असाच घोटाळा यंत्रातील तारीख वा घड्याळ चुकल्यानेही होतो. म्हणून तशी सूचना दिसताच प्रथम तारीख तपासावी. तारीख बरोबर असूनही सूचना जात नसेल, तर ती ओलांडून पुढे जाऊ नये, आणि आपला परवलीचा शब्द तर मुळीच लिहू नये.

घरातल्या दोषासाठी आम्ही पुढील क्रम सुचवितो. पान एकदा पुन्हा मागवावे. संगणकावर कंट्रोल व एफ-५ ही बटणे एकत्र दाबल्यास ब्राउझर साठविलेली जुनी प्रत बाजूस ठेवून सर्व तुकडे नव्याने आणतो. नंतर ज्याला इन्कॉग्निटो म्हणतात त्या खाजगी खिडकीत तेच पान उघडावे. तेथे ते नीट दिसले, तर जुनी साठवण किंवा जाहिराती अडविणारे एखादे साधन आड येत आहे. ते साधन त्या पानापुरते थांबवावे आणि केवळ त्याच संकेतस्थळाची साठवण पुसावी. पुसल्यावर पुन्हा प्रवेश करावा लागतो, तेव्हा परवलीचा शब्द हाताशी असू द्यावा. तरीही न जमल्यास दुसरा ब्राउझर वापरून पाहावा. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये निरोप दिला. त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही.

मराठी वाचकांस आणखी एक अडचण येते. जुन्या मराठी पानांवर कधी कधी अक्षरांऐवजी अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसविलेले निरनिराळे फॉन्ट वापरले जात. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात नसेल, तर मजकूर वाचता येत नाही. तेथे पान आलेले असते, पण त्याची लिपी यंत्राला उमगत नाही.

शेवटी दोन विनंत्या. पडद्यावरील सूचना जशीच्या तशी वहीत उतरून घ्यावी, अथवा तिचे छायाचित्र काढावे. ‘काही तरी आले होते’ एवढ्यावरून सूनबाई वा नातू काय मदत करणार? मुदत चुकल्यास कार्यालयास पत्र लिहिताना ते छायाचित्र व वेळ सोबत जोडता येते. आणि आपण न बोलाविता कोणी दूरध्वनी करून ‘तुमचा संगणक बिघडला आहे, आम्ही दुरुस्त करतो’ असे म्हटले, तर दूरध्वनी ठेवून द्यावा. मुदतीच्या कामांसाठी शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आठवडाभर आधी बसावे. समुद्रातली तार कधी तुटेल, ह्याची सूचना कोणास आगाऊ मिळत नाही.