एक अंगरखा, अनेक सरदार

ऐतिहासिक मालिकेच्या कपडेपटात सकाळी पहिल्यांदा तपासली जाते ती काख. आदल्या दिवशीच्या दरबारातले अंगरखे उलटे करून दोरीवर टाकलेले असतात. दिव्यांच्या उष्णतेत माणसं तासन्‌तास उभी राहतात. घाम काखेत आणि मानेशी मुरतो, आणि कापड तिथेच आधी विरतं. मास्तर ते बोटांनी चाचपतात. विरलेलं दिसलं तर आतून ठिगळ लावतात, नाहीतर उन्हात टाकतात.

मी हे काम जवळून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की इथला जवळजवळ प्रत्येक कपडा आधीच कुठेतरी नांदून आलेला असतो. रोज भाग दाखवायचा, तर दरबारात उभ्या असलेल्या प्रत्येकासाठी नवं शिवणं वेळेतही बसत नाही, पैशातही. म्हणून शिवतानाच पुढचा विचार होतो. शिवणीत भरपूर माया सोडलेली असते; उसवून दोन बोटं सैल केलं की तोच अंगरखा दुसऱ्या छातीला बसतो. बटणांऐवजी बंद असल्यामुळे निम्मं काम तिथेच होतं.

कॅमेरा बहुतेक वेळ कंबरेच्या वर असतो. त्यामुळे शेला, कंबरेची ओढणी आणि डोक्यावरचं पागोटं बदललं, की प्रेक्षकाला नवा सरदार दिसतो. पण बदल जाणतेपणाने करावा लागतो. मुघलकाळात हिंदू अंगरख्यासारख्या जाम्याचे बंद डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. लघुचित्रांत हा फरक दिसतो. मराठा सरदाराचा पोशाख मुघल सरदाराला द्यायचा, तर बंद उसवून बाजू बदलायलाच हवी. घाईत हे राहून जातं, आणि जाणत्या प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडतो.

कपड्याचा हुद्दाही उतरत जातो. नवा असताना तो सरदाराच्या अंगावर असतो. रंग उतरला, खोटी जर काळवंडली, की काठ काढून कारकुनाला मिळतो. पुढे चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरांवर घासून शिपायाला, आणि शेवटी चिखल माखून लढाईत. तिथून परतलेल्या कापडाची अस्तरं होतात.

नऊवारीची तऱ्हा वेगळी. शिवलेली नऊवारी झटपट चढवता येते, पण ती एका मापात अडकते. न शिवलेली कोणत्याही अंगाला बसते. एकोणिसाव्या शतकातल्या घरंदाज बाईची साडी निऱ्या आणि पदर बदलून कष्टकरी बाईलाही शोभते. नेसवायला वेळ लागतो, तरी मला तीच खरी पुनर्वापराची वस्तू वाटते.

याला कंजुषी म्हणणं मला पटत नाही. ज्या काळाची कथा आपण सांगतो, त्या काळात कापड मौल्यवान होतं. दरबारात सरपाव म्हणून वस्त्रं दिली जात, घरोघरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. अंगावर कोरं करकरीत रेशीम घालून शेतातून येणारी बाई खोटी वाटते. धुतलेलं, रफू केलेलं कापड अंगाला लागून बसतं आणि नटाची चालही बदलतं.

इंग्लंडमध्ये कपड्यांच्या अशा पुनर्वापरावर मोठा व्यवसाय उभा आहे. 1840 साली सुरू झालेल्या लंडनच्या ‘एंजल्स’कडे कपडे टांगायच्या दांड्यांचीच एकूण लांबी आठ मैलांहून अधिक आहे. जॉन ब्राइट यांनी 1965 मध्ये काढलेल्या ‘कॉस्प्रॉप’मधूनही चित्रपट-मालिकांना जुन्या काळचे पोशाख भाड्याने जातात. अशा भांडारांतल्या कपड्यांत आतल्या बाजूला नटाचं नाव लिहिलेली पट्टी शिवलेली सापडते. त्यामुळे पोशाखाचा प्रवास शोधता येतो.

‘राजा शिवछत्रपती’, ‘उंच माझा झोका’, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ अशा मालिकांनी आपल्याकडे जुना काळ घरोघरी पोचवला. अशा प्रत्येक मालिकेच्या कपड्यांतही एक पट्टी असावी: कापड कुठलं, कुणी शिवलं, कोणत्या भूमिकेसाठी, पुढे काय बदललं. पुढच्या मालिकेच्या वेशभूषाकाराला त्यातून तयार अभ्यास मिळेल, आणि पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या मास्तरांचं नाव त्यांच्या कामासोबत राहील.