चुंबकाने लांबणारे धातू

रस्त्याच्या कडेला जाळीत बसविलेला विजेचा ट्रान्स्फॉर्मर अखंड गुणगुणत असतो, हे श्रोत्यांनी ऐकलेच असेल. ही गुणगुण विजेची, असा सर्वसाधारण समज. परंतु ती मुख्यतः आतल्या पोलादी गाभ्याची असते. लोखंडाची कांब चुंबकित होताना किंचित लांबते, हे मँचेस्टरच्या जूल यांनी १८४२ साली दाखविले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. चुंबकत्व उलटसुलट झाले तरी आकारातला फरक तोच, म्हणून गाभा सेकंदाला १०० वेळा लांब-आखूड होतो. यासच चुंबकीय आकारांतर म्हणतात.

पण हे लांबणे ते किती? मीटरभर कांबेमागे मिलिमीटरचा सुमारे पन्नासावा भाग! निकेल तर उलट आखडते.

१९६०च्या दशकात टर्बियम व डिस्प्रोसियम या विरल मृत्तिका धातूंचे स्फटिक अतिशय थंड करून प्रबळ क्षेत्रात ठेवले, तेव्हा शेकडा एकाच्या जवळ जाणारा फरक आढळला. या अणूंत चुंबकत्व ज्या इलेक्ट्रॉनांमुळे येते त्यांचा ढग गोल नसून पेढ्यासारखा चपटा असतो. क्षेत्राने चुंबकत्व वळविले की ढगही वळतो आणि शेजाऱ्यांना ढकलतो. लोखंडात अशी घट्ट सांगड नसते. समॅरियमचा ढग लांबट. त्याचे लोखंडाशी केलेले मिश्रण आखडते.

अडचण थंडीची होती. उणे ५० अंशांच्या आसपासच टर्बियमची चुंबकीय शिस्त मोडते, डिस्प्रोसियमची त्याहूनही आधी. १९७०नंतर अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत आर्थर क्लार्क व सहकाऱ्यांनी एका टर्बियम अणूस दोन लोखंडाचे अणू दिले. लोखंडाने शिस्त सांभाळली आणि नेहमीच्या तापमानात मीटरमागे दीड मिलिमीटरहून अधिक वाढ मिळाली. मात्र त्यासाठी दोन टेस्लांहून प्रबळ क्षेत्र लागे, इतका स्फटिक हट्टी.

यावरचा तोडगा आम्हांस सर्वांत सुंदर वाटतो. टर्बियमच्या व डिस्प्रोसियमच्या मिश्रणांचे हट्ट परस्परविरुद्ध दिशांचे, पण लांबवणे दोघांचेही. ३ भाग टर्बियम व ७ भाग डिस्प्रोसियम घेतले की हट्ट जवळजवळ फिटतात, लांबणे उरते, आणि कितीतरी कमी क्षेत्रात काम भागते. हीच टर्फेनॉल-डी मिश्रधातू. दोन्ही विरल धातू, लोखंड व प्रयोगशाळा या सर्वांची आद्याक्षरे तिच्या नावात कोंबली आहेत.

पाण्याखाली ध्वनी सोडणाऱ्या सोनार यंत्रांत ती वापरतात. ती महाग आहे, आणि ठिसूळही. ओढली तर तुटते, म्हणून स्प्रिंगने आधीच दाबून ठेवावी लागते. मौज अशी की, दाबल्याने ती अधिकच लांबते. कारण दाबाखाली अणूंची चुंबके प्रथम आडवी होतात, आणि मग क्षेत्राबरोबर पुरती उभी वळतात.